न्यायाधीश वाढवा... पण कशासाठी?

मित्रहो, जरा ओरल्सचे दिवस आठवा. बाहेरून आलेले परीक्षक, त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची घाई, आणि पॅसेजमध्ये फाईली छातीशी धरून उभी असलेली अख्खी बॅच. सकाळच्या पहिल्या आठ-दहा जणांना अगदी सोलून काढलं जातं. तीन वाजले की चार-चार जण एकदम आत! "नाव काय? प्रोजेक्ट कुठला? बरं, पुढचा." आणि आपण सुटलो म्हणून बाहेर येऊन एकमेकांच्या पाठीवर थापा मारतो. तिथे प्रश्न फार तर पाच-दहा मार्कांचा असतो. आता हेच दृश्य एखाद्या कोर्टात आहे असं समजा, आणि आत जाणाऱ्यांच्या हातात फाईलऐवजी बेड्या आहेत असं समजा.

समजायची गरजच नाही म्हणा. अमेरिकेच्या ऍरिझोना राज्यात टूसॉन नावाचं शहर आहे. मेक्सिकोची सीमा तिथून तासाभराच्या अंतरावर. तिथल्या फेडरल कोर्टात २००८ च्या जानेवारीपासून हा प्रकार सुरू झाला आणि कामाच्या दिवशी रोज दुपारी कित्येक वर्षं चालला. दिवसाला सत्तरपर्यंत माणसं. हातात बेड्या, पायात बेड्या, कमरेला साखळी. कानाला हेडफोन, त्यातून स्पॅनिश भाषांतर. सकाळी वकिलाची भेट झालेली असते. एका वकिलाकडे चार-पाच किंवा जास्तच अशील, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास, कधी त्याहूनही कमी. दुपारी न्यायाधीशासमोर उभं राहायचं, गुन्हा कबूल म्हणायचं, शिक्षा ऐकायची आणि तुरुंगाच्या गाडीत बसायचं. आरोप वाचणं, कबुली आणि शिक्षा, सगळं एकाच बैठकीत!

या प्रकाराचं सरकारी नाव होतं 'ऑपरेशन स्ट्रीमलाईन'. सुरुवात २००५ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या डेल रिओ भागात झाली. त्याआधी चोरून सीमा ओलांडणारा सापडला, की बहुतेक वेळा त्याला गाडीत घालून परत सीमेपलीकडे सोडत. आता धोरण असं झालं की सापडलेल्या प्रत्येकावर फौजदारी खटला भरायचा. कायदा नवीन नव्हता. परवानगीशिवाय सीमा ओलांडणं हा गुन्हा तिथे १९२९ पासून आहे. पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद. एकदा हद्दपार होऊन पुन्हा आत आला तर तो मोठा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद, आणि मागे गंभीर गुन्ह्यांची नोंद असेल तर वीस वर्षांपर्यंत. टूसॉनमध्ये बऱ्याच जणांपुढे सौदा असा ठेवला जाई, की लहान गुन्हा आजच कबूल कर, म्हणजे मोठा आरोप मागे घेतो. अर्ध्या तासात ठरवायचं.

इथे एक घोटाळा आधी निस्तरला पाहिजे, कारण आपल्याकडचे पेपरवालेसुद्धा तो करतात. अमेरिकेत 'इमिग्रेशन कोर्ट' नावाची वेगळी गोष्ट आहे. तिथले न्यायाधीश सरकारच्या न्याय खात्याचे नोकर असतात, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न एवढाच, की या माणसाला देशात राहू द्यायचं की नाही. ते प्रकरण दिवाणी स्वरूपाचं. तिथे तुंबलेल्या प्रकरणांचा आकडा २०२४ च्या अखेरीस तीस लाखांच्या वर गेला होता. मी बोलतोय ते त्या कोर्टाबद्दल नाही. मी बोलतोय फेडरल जिल्हा न्यायालयांबद्दल, जिथे माणूस आरोपी म्हणून उभा राहतो आणि तुरुंगात जातो. इथले जिल्हा न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं, आणि मग ते तहहयात असतात. त्यांच्या हाताखाली मॅजिस्ट्रेट न्यायाधीश असतात, आठ वर्षांच्या मुदतीचे, जिल्हा न्यायाधीशांनीच नेमलेले. दुपारची ती सत्तर माणसं मॅजिस्ट्रेटपुढे येतात. पुन्हा आत आल्याचा मोठा खटला जिल्हा न्यायाधीशापुढे जातो.

जीआरई देऊन एम. एस. ला निघालेल्यांनी एक लक्षात ठेवा. व्हिसा घेऊन गेलेला माणूस मुदत संपल्यावर राहिला, तर नुसतं तेवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही. तो दिवाणी भंग आहे, हद्दपारी होऊ शकते, पुढे अनेक वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते. पण कुंपण ओलांडून शिरलेला माणूस गुन्हेगार. देशात परवानगीवाचून दोघेही आहेत, पण कोर्ट वेगळं, दार वेगळं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला अमेरिकी लष्कराचं विमान उतरलं, त्यातून १०४ भारतीय परत पाठवले गेले. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे, पण त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. हे झालं प्रशासकीय हद्दपारीचं काम. यांच्यापैकी हद्दपारीचा हुकूम झालेला कुणी उद्या दुसऱ्या एजंटाला पैसे भरून पुन्हा त्याच वाटेने गेला, तर तो त्या दुसऱ्या, मोठ्या गुन्ह्याच्या दारात उभा असेल. म्हणजे विषय अगदीच परका नाही.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. तिसऱ्या वर्षाला 'ओआर' शिकलेल्यांना रांगेचं गणित आठवत असेल. (आठवत नसेल तर केटीवाल्यांना विचारा, त्यांचं पक्कं असतं!) एक खिडकी, तिथे येणारी माणसं, आणि खिडकीवरचा माणूस किती टक्के वेळ कामात आहे ते प्रमाण. सर्वांत साधं मॉडेल घ्या. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल तर सरासरी ४ माणसं तिथे असतात. ९० टक्क्यांना ९. ९५ टक्क्यांना १९. काम पाच टक्क्यांनी वाढलं आणि गर्दी दुप्पट झाली! मेसच्या ताटांच्या रांगेत हे आपण रोज भोगतो. अमेरिकेत असे ९४ फेडरल न्यायजिल्हे आहेत, त्यांतले फक्त ५ मेक्सिकोच्या सीमेला लागून आहेत: टेक्सासचे दोन, न्यू मेक्सिको, ऍरिझोना आणि दक्षिण कॅलिफोर्निया. या असल्या खटल्यांचा मोठा भार या पाचांवर. २०१९ च्या आर्थिक वर्षात तिथल्या सरकारी वकिलांनी बेकायदा प्रवेशाचे ८० हजारांहून अधिक आणि पुनःप्रवेशाचे २५ हजारांहून अधिक आरोप दाखल केले. खिडक्या मात्र जवळजवळ तेवढ्याच.

मग रांग किती वाढली असेल? इथेच गंमत आहे. रांग वाढलीच नाही म्हणा ना! कारण तिथे १९७४ चा एक कायदा आहे. फौजदारी आरोपीवर ठरावीक मुदतीत खटला उभा राहिलाच पाहिजे, साधारण ७० दिवसांत. आपल्याकडे असं काही बंधन नाही, त्यामुळे आपली रांग सुखाने वाढत जाते. आजोबांनी टाकलेला दावा आणि नातवाने ऐकलेला निकाल, हे आपलं चित्र. तिथे रांगेच्या लांबीला कायद्याने वेसण आहे. येणारी माणसं वाढली, खिडक्या तेवढ्याच, रांग लांबवायची नाही. तर मग या समीकरणात सैल काय उरलं? एका माणसामागे दिली जाणारी मिनिटं. ती कमी होतात.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. तिथल्या कोर्टांवरचा ताण तारखांमध्ये फारसा दिसत नाही, तो मिनिटांमध्ये दिसतो. म्हणून 'निकाली काढलेल्या खटल्यांची संख्या' बघून कुणी म्हणेल की वा, काय झकास चाललंय! फॅक्टरी म्हणून झकासच आहे.

बरं, त्या मिनिटांत असं काय एवढं करायचं असतं? माणूस सीमेवर पकडला, गुन्हा उघड आहे, असं कुणीही म्हणेल. आमच्या विंगमध्ये या विषयावर रात्री वाद झाला तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं. पण बघा. पहिला प्रश्न, हा माणूस परदेशीच आहे ना? अमेरिकी कायद्यात आई किंवा बापाच्या नागरिकत्वावरून मुलाला नागरिकत्व मिळू शकतं, आणि ते खुद्द त्यालाच ठाऊक नसू शकतं. दुसरा, पुनःप्रवेशाचा आरोप असेल तर आधीची हद्दपारी कायद्याला धरून झाली होती का? तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच सांगून ठेवलंय, की त्या वेळी दाद मागायची संधीच नाकारली गेली असेल, तर तो जुना हुकूम पुढच्या खटल्यात डोळे मिटून पुरावा म्हणून वापरता येत नाही. तिसरा, हा जिवाच्या भीतीने आश्रय मागायला आला आहे का? आणि चौथा, सगळ्यांत साधा: याला समोर चाललेली भाषा कळते का? ग्वाटेमालातून किंवा दक्षिण मेक्सिकोतून आलेल्या कित्येकांची भाषा स्पॅनिश नाहीच. माम, किचे, मिश्तेक अशा त्यांच्या मूळ भाषा. हेडफोनमधून स्पॅनिश येतं आणि हा मान डोलावतो. डोलावलेली मान म्हणजे होकार, असं धरून चालायचं! आपल्यातला मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी लेक्चरमध्ये मान कशी डोलावतो ते आपण जाणतोच. फरक एवढाच, की त्याला मान डोलावल्याबद्दल कैद होत नाही.

टूसॉनमध्ये सुरुवातीला प्रश्न सगळ्यांना मिळून विचारत. तुम्हाला तुमचे हक्क समजले का? चाळीस-पन्नास जण एकसुरात 'सी!' डिसेंबर २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने, म्हणजे नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने हे चुकीचं ठरवलं. कबुली घेताना आरोपीशी स्वतः, व्यक्तिशः बोललं पाहिजे असा नियम आहे. पन्नास जणांच्या एका आवाजात नक्की कुणी हो म्हटलं आणि कोण गप्प राहिलं, हे कितीही जागरूक न्यायाधीशाला कळणं शक्य नाही, असा त्या निकालाचा आशय. मात्र त्या खटल्यातल्या शिक्षा तशाच राहिल्या. असो. हजेरीत प्रॉक्सी लावणाऱ्यांना या निकालाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता एका माणसाबद्दल सांगायचं आहे. जॉन रोल. ऍरिझोनाच्या फेडरल जिल्हा न्यायालयाचे ते २००६ पासून मुख्य न्यायाधीश. १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी नेमलेले, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्षाचे. २००९ मध्ये सीमा ओलांडून आलेल्या काही लोकांनी एका जमीनमालकावर लावलेला दावा त्यांनी पुढे चालू दिला, तेव्हा त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि काही काळ चोवीस तास संरक्षण घ्यावं लागलं. तर या रोल साहेबांचं २०१० मधलं मोठं काम म्हणजे न्यायालयावरच्या भाराबद्दल आरडाओरडा करणं. न्यायाधीश अपुरे, त्यात काही जागा रिकाम्या, आणि सीमेवरून खटले येतच आहेत. त्यांनी न्यायालयीन आणीबाणी जाहीर करा म्हणून मागणी केली. डेमोक्रॅट पक्षाच्या स्थानिक खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांनी त्या मागणीला पाठिंबा दिला. पक्ष वेगळे, पण काम कळत होतं दोघांनाही.

८ जानेवारी २०११, शनिवार. टूसॉनजवळ एका सुपरमार्केटच्या बाहेर टेबल टाकून गिफर्ड्स मतदारांना भेटत होत्या. रोल चर्चमधून प्रार्थना आटोपून तिथे आले. गिफर्ड्स यांच्या कार्यालयातल्या माणसाशी ते बोलत असताना एका तरुणाने गोळीबार सुरू केला. सहा जण गेले, त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी, आणि रोल. आपल्या शेजारच्या जखमी माणसाला आडोसा करताना ते कॅमेऱ्यात दिसतात. गिफर्ड्स डोक्यात गोळी लागूनही वाचल्या.

आणि त्याच महिन्यात ऍरिझोनात न्यायालयीन आणीबाणी जाहीर झाली. नंतर ती वर्षभरासाठी वाढवली गेली. तिचा उपाय काय होता माहीत आहे? ७० दिवसांची मुदत १८० दिवसांपर्यंत नेता येईल! म्हणजे न्यायाधीश मिळाला नाही, आरोपीला थांबवून ठेवायची सवलत मिळाली. यातले बरेच आरोपी जामिनाशिवाय आतच असतात, तेव्हा ही सवलत कोण फेडतं ते उघड आहे. रोल यांच्या नावाने युमा शहरात फेडरल कोर्टाची इमारत उभी राहिली. चांगलंच आहे. पण त्यांनी इमारत मागितली नव्हती.

आता विरुद्ध बाजूचं ऐकू, कारण ती बाजू पोकळ नाही. विंगमधल्याच एका मित्राचा (सिव्हिलचा, अर्थात) मुद्दा असा. रस्ता रुंद केला की गर्दी कमी होत नाही, नवी वाहनं येऊन तो पुन्हा भरतो. तसंच न्यायाधीश वाढवले की सरकारी वकील आणखी खटले भरतील. सत्तरचे एकशे चाळीस होतील. मुळात एवढ्या गरिबांना गुन्हेगार ठरवायचंच कशाला?

यातला पहिला भाग खरा आहे, आणि त्याला पुरावाही आहे. भार निसर्गातून येत नाही, तोटीतून येतो, आणि तोटी सरकारच्या हातात असते. एकाच सीमेवर टेक्सासात आणि ऍरिझोनात हे झटपट खटले चालू असताना, सॅन डिएगोमध्ये मात्र २०१८ पर्यंत ते नव्हते. तिथल्या सरकारी वकिलांनी आपली शक्ती दुसऱ्या गुन्ह्यांवर खर्च केली. मग एप्रिल २०१८ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी 'शून्य सहनशीलता' जाहीर केली आणि तोटी पूर्ण उघडली. बाप किंवा आई आरोपी म्हणून कोर्टात, म्हणून मूल वेगळं काढलं, असं करत हजारो मुलं आईबापांपासून तोडली गेली. जूनमध्ये जगभर ओरड झाल्यावर ते आवरलं. आणि मार्च २०२० मध्ये कोविड आला, तर सीमेवरच्या लोकांना आरोग्याच्या कायद्याखाली थेट परत ढकलायला सुरुवात झाली आणि लहान गुन्ह्याचे खटले एकदम कोसळले. तीच सीमा, तीच वाळू, तोच कायदा!

म्हणून मित्राचं अर्धं पटतं. पण न्यायाधीश कमी ठेवून तोटी बंद होईल, हे मात्र पटत नाही. इतिहास उलटं सांगतो. २००८ मध्ये न्यायाधीश कमी होते म्हणून टूसॉनमध्ये खटले कमी भरले का? पन्नास जणांची कबुली एकदम घेतली! खिडकी अपुरी असली की सरकार थांबत नाही, खिडकीवरचा माणूसच वाकतो.

आणि वाढवायचे म्हटले तर वाढतात का? फेडरल न्यायाधीशांची मोठी, सर्वंकष वाढ शेवटची झाली ती १९९० मध्ये. त्यानंतर १९९९, २०००, २००२ अशी तुकड्या-तुकड्यांनी थोडीफार. २००२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाला एकदम ५ न्यायाधीश मिळाले, ८ चे १३ झाले. ऍरिझोना आणि न्यू मेक्सिको यांना मिळालं एकेक 'तात्पुरतं' पद. हे तात्पुरतं पद मोठं मजेशीर असतं. नेमलेला न्यायाधीश तहहयातच, पण मुदत उलटल्यावर जी पहिली जागा रिकामी होईल ती भरायची नाही. मग दरवर्षी बजेटच्या कायद्यात एक ओळ घालून त्या पदाची मुदत वाढवत राहायची. दोन वर्षांसाठी म्हणून बांधलेल्या पत्र्याच्या वर्कशॉप शेडमध्ये तिसरी पिढी फायलिंग करते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अमेरिकाही आपलीच वाटेल.

२०२४ मध्ये मात्र योग जुळून आला होता. ६३ कायम आणि ३ तात्पुरती, अशी ६६ पदं वाढवायचं विधेयक. टेक्सास, कॅलिफोर्निया, ऍरिझोना इथली न्यायालयं त्यात होती. पदं एकदम भरायची नाहीत, दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने, म्हणजे नेमणुका एकाच अध्यक्षाच्या खिशात जाणार नाहीत. ऑगस्टमध्ये सिनेटने ते एकमताने मंजूर केलं. लाडू वाटताना एकाने तुकडे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचं, तशी ही युक्ती: नोव्हेंबरात कोण निवडून येईल ते माहीत नसतानाच वाटणी उरकायची. पण प्रतिनिधिगृहाने ते धरून ठेवलं. निवडणूक झाली, ट्रम्प जिंकले, आणि मग १२ डिसेंबरला २३६ विरुद्ध १७३ मतांनी ते मंजूर झालं. २३ डिसेंबरला बायडन यांनी नकाराधिकार वापरला. घाईने मंजूर केलं, वाटप नीट ठरलेलं नाही, आणि आहेत त्या रिकाम्या जागा काही सिनेटर मुद्दाम भरू देत नाहीत, ही त्यांची कारणं. कारणांत तथ्य नव्हतं असं नाही. पण ज्यांनी तुकडे झाल्यावर मोठा लाडू कुठला ते पाहून हात पुढे केला ते एक, आणि ज्यांनी ताटच उलटं केलं ते दुसरे. पंगतीत बसलेले उपाशी. २०२५ मध्ये विधेयक पुन्हा मांडलं गेलं.

माझ्या मते पदं वाढवलीच पाहिजेत, आणि त्यांचं समर्थन 'खटले लवकर संपतील' असं करता कामा नये. ज्या दिवशी असं समर्थन होईल त्या दिवशी सिव्हिलवाला मित्र जिंकला. मोजमाप वेगळं हवं. एका न्यायाधीशापुढे एका दिवशी जास्तीत जास्त किती कबुल्या येतील याला मर्यादा हवी, आणि ती संपली की पुढचा माणूस उद्या. मग सरकारी वकिलालाच ठरवावं लागेल, की आज मजुरीला आलेल्या चाळीस जणांना आणायचं की माणसांची तस्करी करणाऱ्या एकाला. आणि नुसता न्यायाधीश वाढवून भागत नाही. बचावाचा वकील, माम भाषेचा दुभाषी, आरोपीला वकिलाशी चार शब्द एकट्याने बोलता येतील अशी खोली, हे सगळं त्याच हिशेबात यायला हवं. सर्व्हर वाढवला आणि केबल तीच ठेवली तर काय होतं ते आपल्या होस्टेलच्या लॅबमध्ये रोज रात्री दहा वाजता पाहायला मिळतं.

मिनिटं मिळाली की काय होतं, याचं ताजं उदाहरण न्यू मेक्सिकोतलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सीमेलगतची जमिनीची पट्टी लष्करी क्षेत्र म्हणून जाहीर झाली. मग सीमा ओलांडणाऱ्यावर बेकायदा प्रवेशाबरोबर लष्करी हद्दीत घुसल्याचाही आरोप लागू लागला. एकाच पावलाला दोन गुन्हे! मे महिन्यात तिथल्या मुख्य मॅजिस्ट्रेट न्यायाधीशाने कागद नीट वाचले आणि एक साधा प्रश्न विचारला: ही जागा लष्करी आहे हे या माणसाला माहीत होतं, असं दाखवणारं यात काय आहे? काही नव्हतं. जवळजवळ शंभर जणांवरचा तो दुसरा आरोप त्यांनी काढून टाकला. पहिला, सीमा ओलांडल्याचा आरोप तसाच राहिला, त्याचं जे व्हायचं ते झालं. शंभर कागद एकसारखे होते. तरी कुणीतरी ते वाचले.